कोचच्या शेजारची खुर्ची

ग्रँट क्रीक, आयोवा
११ फेब्रुवारी १९९३

प्रिय व्हर्ना,

नाताळात ना पत्र, ना फोन, म्हणून तू रुसली असशील. रुसायचा तुला हक्क आहे, पण आधी ऐकून घे. हे पत्र मी पेट्रोल पंपाशेजारच्या खानावळीत बसून लिहितोय. बाहेर कॉलेजची व्हॅन उभी आहे, तिचा हीटर मेलाय, आणि गरम कप हातात धरल्याशिवाय माझी बोटं हलत नाहीत. आज सकाळी एका शाळेत एका उंच मुलाला बघायला गेलो, तर तो आजारी. दुसऱ्या शाळेतला उंच होता, पण त्याला चेंडूची भीती वाटते. असे दिवस चाललेत.

तुझ्या ऑर्विलला अजून कळलेलं नाही की बास्केटबॉलचा सहायक कोच म्हणजे काय. त्याला सांग, मुख्य कोच जे करत नाही ते सगळं. व्हॅन चालवायची, जर्सी धुवायच्या, प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाच्या कॅसेट डोळे लाल होईपर्यंत बघायच्या, मुलांचे घोटे पट्टीने बांधायचे, सँडविच आणायची, आणि सामना हरलो की मुख्य कोचच्या शेजारी बसून 'पुढच्या वेळी' म्हणायचं. आणि मुख्य म्हणजे गावोगाव फिरून मुलं आणायची. बारा वर्षांत सहा कॉलेजं झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. शॅरन चौथ्या गावाला कंटाळून मला सोडून गेली, मी मात्र सामान बांधत राहिलो.

पण आता बातमी. आमचे मुख्य कोच, म्हातारे हॅलोरन, पुढच्या मोसमानंतर खरंच निवृत्त होतायत. कॉलेजच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "रॉली, संघ जिंकला तर मला आनंदच आहे. पण वर्ग रिकामे पडलेत. तुम्ही मुलं आणा, भरपूर आणा. मग हॅलोरन यांच्या जागेचं बोलू." आमच्यासारख्या छोट्या कॉलेजात खेळायचे पैसे कुणाला मिळत नाहीत. मुलगा फी भरतो आणि वर खेळतो. तेव्हा प्रत्येक मुलगा म्हणजे कॉलेजची भाकरी. मी एकोणचाळीस वर्षांचा झालो, व्हर्ना. ही जागा हुकली तर मी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसणार.

तू पाठवलेली कर्टच्या सामन्याची कॅसेट बघितली. हात छान आहेत पोराचे. त्याला डिझेल इंजिन दुरुस्तीच्या कोर्सला पाठवायची घाई करू नका. मामाचंही एक कॉलेज आहे म्हणावं.

तुझा,
रॉली


हॅडली, नेब्रास्का
२० फेब्रुवारी १९९३

रॉली,

मी रुसलेली नव्हते, मला सवय झालीय. पण वर्षभर गप्प बसलेला माणूस दोन पानं लिहितो तेव्हा शेवटच्या चार ओळी आधी वाचाव्यात, एवढं मला कळतं. त्यात माझा मुलगा निघाला.

कर्टने तुझं पत्र माझ्या हातातून ओढून वाचलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ट्रॅक्टरच्या शेडवर टांगलेल्या रिंगमध्ये हा बर्फातसुद्धा चेंडू टाकतोय, आणि ऑर्विल खिडकीतून बघत म्हणतो, "एवढी मेहनत इंजिनावर घेतली असती तर आतापर्यंत आपलं दुरुस्तीचं दुकान याच्या नावावर केलं असतं." ऑर्विलने डिझेलच्या कोर्सला त्याची जागा धरून ठेवलीय. दोन वर्षांत हातात कसब, घरापासून तासाभरावर.

आमच्या शाळेच्या सामन्यांना घड्याळ मीच सांभाळते, तेव्हा खेळ मला अगदीच कळत नाही असं नाही. हॅडलीत तो चांगला आहे. पण हॅडलीत वर्गात मुलं किती, हे तुलाही माहीत आहे. वासरात लंगडी गाय शहाणी. म्हणून एकच विचारते. तुमच्याकडे तो खेळेल का? मला विक्रेत्याचं उत्तर नको, भावाचं दे. 'नाही' म्हणालास तरी मी तुझ्यासाठी दालचिनीचे रोल करणं थांबवणार नाही.

व्हर्ना


ग्रँट क्रीक
२ मार्च १९९३

प्रिय व्हर्ना,

काय हा संशय! अगं, तो अठराचा आहे. अठराव्या वर्षी कुणाबद्दल काय सांगता येतं? त्याचा डावा हात सुधारायला हवा. अंगावर थोडं मांस चढायला हवं. पायाचं काम मी स्वतः करून घेईन. आमच्याकडे मुलं तिसऱ्या वर्षी उमलतात, आणि ज्याच्या मनात खेळ आहे त्याला मी कधी निराश झालेलं बघितलेलं नाही. शिवाय डिग्री मिळेल, ती कुणी हिरावून घेत नाही.

असं करतो, मी येतोच. तिकडच्या तीन शाळा बघायच्यात, शनिवारी तुमच्याकडे जेवायला. समोरासमोर बोलू.

रॉली

ता.क. इलिनॉयमधल्या एका कॉलेजात सहायकाची जागा निघालीय म्हणे. चौकशी करून ठेवलीय. हॅलोरन यांचं 'खरंच निवृत्त' मी याआधीही ऐकलंय.


हॅडली
१६ मार्च १९९३

रॉली,

तू गेल्यापासून पत्र लिहायला बसते आणि उठते. आज लिहूनच टाकते.

तू माझ्या स्वयंपाकघरात टाय लावून आलास. ठीक आहे, म्हटलं, पुढे कुठे जायचं असेल. राजम्याची चिली दोनदा घेतलीस, रोल तीन खाल्लेस, ऑर्विलच्या गुडघ्याची चौकशी केलीस. मग खुर्ची पुढे ओढलीस, दोन्ही हात टेबलावर ठेवलेस आणि मला म्हणालास, "बाईसाहेब, तुमचा मुलगा माझ्या हाती सुरक्षित आहे."

बाईसाहेब! मला! जिने तुझं नाक पुसलं, तिला! ऑर्विलच्या नाकातून कॉफी आली. कर्ट हसून हसून लोळला. तूही लाजलास, म्हणालास, सवय आहे गं, जिभेवर बसलंय. मीसुद्धा हसले तेव्हा.

नंतर भांडी घासताना हसू मावळलं. म्हणजे हे वाक्य तू प्रत्येक घरात म्हणतोस. खुर्ची अशीच पुढे ओढतोस, हात असेच ठेवतोस, आणि माझ्यासारखी एक बाई समोर बसून विश्वास ठेवते. मी तुझी बहीण आहे हे त्या क्षणी तुझ्या लक्षातच नव्हतं. मी नेब्रास्कातली एक आई होते, बस्स. मला फार वाईट वाटलं, रॉली. अजून वाटतंय.

आणि त्या दुपारी तू सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस. वसतिगृह, जेवण, नाताळची सुट्टी, सगळं. मी विचारलं होतं ते सोडून.

कर्टने अर्जावर सही केलीय. ऑर्विलने डिझेलवाल्यांना फोन करून जागा सोडली. सोडताना आवाज अगदी साधा होता त्याचा, पण नंतर तो जेवला नाही.

व्हर्ना


ग्रँट क्रीक
१० ऑक्टोबर १९९३

प्रिय व्हर्ना,

कर्ट मजेत आहे. खोलीतला जोडीदार चांगला मिळालाय, दुधाचं अख्खं भांडं कर्ट एकटा संपवतो म्हणून स्वयंपाकघरातल्या बायका त्याच्यावर खूश.

इकडे नुसती जत्रा भरलीय. पहिल्या दिवशी इतकी मुलं सरावाला आली की चेंडू पुरेनात. हॅलोरन दारातच उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे काय, सैन्यभरती आहे का?" मी म्हटलं, "कोच, अध्यक्षांनी सांगितलं होतं." त्यावर म्हातारा म्हणाला, "अध्यक्षांना यांच्या आया फोन करणार नाहीत. तुला करतील." आम्ही तीन संघ केलेत. कर्ट सध्या राखीव संघांपैकी एकात आहे. पहिलं वर्ष आहे, सगळेच तिथे असतात.

इलिनॉयचं काही झालं नाही. आता दक्षिण डकोटातल्या एका कॉलेजने फोन केला होता. मी नाही म्हणणार आहे, बहुधा. मला हल्ली एका जागी बसवत नाही. जेवतानाही उभा असतो.

रॉली


ग्रँट क्रीक
२४ मार्च १९९४

व्हर्ना!

झालो! मुख्य कोच! आज दुपारी अध्यक्षांनी हात मिळवला, हॅलोरननी त्यांच्या खोलीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "खिडकी अडकते, खांद्याने ढकलायची." एवढंच. मी खोलीत जाऊन दार लावलं आणि रडलो. तुला सांगायला लाज कसली? तेरा वर्षं, व्हर्ना. आई असती तर तिने चर्चमध्ये उभं राहून सांगितलं असतं.

ऑर्विलला सांग, आता माझ्याकडेही एक सहायक असेल. जर्सी तो धुवेल.

रॉली


हॅडली
१ एप्रिल १९९४

रॉली,

अभिनंदन. मनापासून म्हणतेय. मी आणि ऑर्विलने तुझ्या नावाने वाटाण्याच्या डब्यामागे जपून ठेवलेली बाटली उघडली. आईने चर्चमध्येच नाही, बँकेतही उभं राहून सांगितलं असतं.

आता कोण खेळणार हे तूच ठरवणार. तेव्हा मी पुन्हा विचारत नाही. बघायलाच येऊ कधीतरी.

व्हर्ना


हॅडली
१२ डिसेंबर १९९४

रॉली,

आम्ही शनिवारी येऊन गेलो. तुला माहीत नाही, कारण आम्ही तुला भेटलो नाही.

ऑर्विलचीच कल्पना. न सांगता जाऊ, पोराला चकित करू. त्याने ट्रकच्या चाकांना साखळ्या लावल्या, मी रोल केले, अख्खा दिवस बर्फातून गाडी हाकली. तिकिटाच्या खिडकीवर ऑर्विलने त्या मुलीला सांगितलं, "आमचा मुलगा खेळतो." ती म्हणाली, "कोण हो?" नाव सांगितलं. तिने छापील कागदावर वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "माफ करा काका, यात दिसत नाही." ऑर्विल म्हणाला, "छापायला विसरले असतील."

संघ धावत आला. त्यात कर्ट नव्हता. बाकावर बघितलं, नव्हता. तू टाय लावून उभा होतास, हातवारे करत, आणि मला एक क्षण तुझा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. मग ऑर्विलने कोपराने ढोसलं. वर, अगदी शेवटच्या रांगेत, छताखाली, आमचा कर्ट तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यामागे उभा होता. सामन्याची कॅसेट काढत होता. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि टाय. तुझाच टाय, रॉली. मी गेल्या नाताळात तुला दिलेला.

आम्ही मध्यंतरातच उठलो. ऑर्विल म्हणाला, त्याने आपल्याला बघितलं तर त्याला वाईट वाटेल. रोल आम्ही ट्रकमध्ये खाल्ले. अर्ध्या वाटेवर ऑर्विल म्हणाला, "मामानेच मामा बनवलं की!" आणि हसला नाही.

तुला माहीत होतं. माझ्या टेबलाशी बसून माझे रोल खाताना तुला माहीत होतं. मी तुला 'नाही' म्हणायची मोकळीक दिली होती. एवढंच करायचं होतं तुला.

व्हर्ना


ग्रँट क्रीक
१७ डिसेंबर १९९४

व्हर्ना,

हो. माहीत होतं. कॅसेट पाच मिनिटं बघितली आणि कळलं. तो या कॉलेजात पहिल्या संघात कधीच खेळू शकला नसता, ना पहिल्या वर्षी, ना चौथ्या. हे कळायला मला वेळ लागत नाही, तेवढाच एक धंदा मला येतो. पण मला नावं हवी होती, आणि कर्ट हे एक नाव होतं. त्याच्यासारखी आणखी वीसेक होती. त्यातली निम्मी पहिल्याच वर्षी घरी गेली. त्यांच्या आयांना मी पत्रं लिहिलेली नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून तुला तरी लिहितोय असंही नाही. तू बघितलंस म्हणून लिहितोय.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी कर्टला खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हटलं, "बस. मला तुला काही सांगायचंय." मी सुरुवात केली आणि अडखळलो. तो म्हणाला, "मामा, मी खेळणार नाही, हेच ना? ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. कुणी मला चेंडूच देत नव्हतं."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? आईला? ती तुझ्याशी बोलणं टाकेल."

मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, सत्र संपलं की घरी जा, डिझेलची जागा मी स्वतः तुझ्या बाबांबरोबर जाऊन परत मिळवतो. तो 'बघू' म्हणाला. आणि मग मला म्हणाला, शनिवारी आपला बचाव डावीकडून फुटत होता, वरून स्पष्ट दिसतं, खाली तुला दिसत नसणार. त्याचं बरोबर होतं.

नाताळला तो घरी येतोय. तू त्याला ठेवून घेतलंस तर मी एक शब्द बोलणार नाही.

रॉली


हॅडली
४ जानेवारी १९९५

रॉली,

ठेवून घ्यायचाच बेत होता. ऑर्विलने शेडमध्ये त्याच्यासाठी वेगळं कपाट लावलं होतं, हत्यारं पुसून ठेवली होती. नाताळचं जेवण झालं, मी कॉफी ओतत होते, आणि कर्ट म्हणाला, "मी ठरवलंय काय करायचं ते. मी सहायक कोच होणार."

मुख्य कोचसुद्धा नाही, रॉली. सहायक! ऑर्विलने विचारलं, "म्हणजे सँडविच आणणार?" तो म्हणाला, "सुरुवातीला." आणि तोंडावर असा आनंद की मला रागावताही येईना. मग त्याने मिरपूड-मिठाच्या बाटल्या घेतल्या आणि डावीकडून फुटणारा बचाव म्हणजे काय ते बापाला दाखवायला लागला. ऑर्विलने सगळं बघितलं, मग कोट चढवून शेडमध्ये गेला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत आला नाही.

इतके दिवस मी तुझ्यावर रागावले होते, कारण तू त्याला खेळवलं नाहीस. आता घाबरले आहे. न खेळणारा मुलगा घरी परत येतो. हा येणार नाही. हा तुझ्यासारखा व्हॅनमधून फिरेल, मोटेलात झोपेल, दर दोन वर्षांनी पत्ता बदलेल, आणि नाताळात त्याचं पत्र येणार नाही. कुणी एखादी शॅरन चार गावं त्याच्यामागे फिरेल. मी मेले तर आईच्या वेळी तू केलंस तसंच करेल. कबरीवर मूठभर माती टाकून, जेवणाला न थांबता, सामन्याला.

रॉली, आयुष्यभर तू घराघरांतून मुलं उचलून नेलीस. आता एकदा उलटं कर. त्याच खुर्चीत बस आणि त्याला सगळं सांग. टाय लावू नकोस. काही सजवू नकोस. शॅरन कशी गेली ते सांग, आईचं सांग, एका जागी बसवत नाही ते सांग. माझा मुलगा मला परत मिळवून दे. मी तुझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही.

व्हर्ना


ग्रँट क्रीक
२९ जानेवारी १९९५

प्रिय व्हर्ना,

सांगितलं. सगळं सांगितलं.

रविवारी दुपारी त्याला घेऊन हमरस्त्यावरच्या खानावळीत गेलो. टाय लावला नव्हता. पहिल्या गावापासून सुरुवात केली. तळघरातली खोली, भिंतीतून येणारं पाणी. दुसऱ्या गावात मुख्य कोचला काढलं तेव्हा माझंही सामान दारात कसं ठेवलं. शॅरनने चौथ्या गावात खोकी उघडलीच नाहीत, आणि एका दुपारी तीच खोकी गाडीत ठेवून कशी निघाली. मी तेव्हा एका मुलाच्या घरी होतो, त्याच्या आईला सांगत होतो की आमच्या कॉलेजात सगळे कुटुंबासारखे राहतात. आईचं सांगितलं. तू बांधून दिलेली जेवणाची ताटली मी गाडीच्या टपावर विसरलो आणि तशीच गाडी काढली, तेही. आता मुख्य झालो तरी अजून वर्तमानपत्रात मागच्या पानावरच्या नोकरीच्या जाहिराती बघतो, हेही सांगितलं. ते मी तुलाही सांगितलं नव्हतं.

 तो समोरचा केक तसाच ठेवून ऐकत होता. शॅरनच्या वेळी त्याचे डोळे भरले. मला वाटलं, जमलं. वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. म्हटलं, व्हर्नाला आजच लिहायचं.

मग तो म्हणाला, "मामा, या सगळ्या गावांत सगळ्यात चांगलं कोर्ट कुठलं होतं?"

मी गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मला उत्तर माहीत होतं, व्हर्ना, विचार करावाच लागला नाही. मिनेसोटातलं, तिसरं गाव. जुनी इमारत, मेपलच्या लाकडाची जमीन, प्रेक्षक इतके जवळ की बाकावर बसलं की मागच्या म्हातारीच्या विणकामाच्या सुया पाठीला लागायच्या. मी त्याला सांगायला लागलो की तिथे चेंडू आपटला की कसा वर येतो. मग त्या हिवाळ्यातला एक सामना सांगितला. मग कागदी रुमालावर आकृती काढली. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि विचारलं, हा मुलगा इथे उभा असता तर? मी म्हटलं, नाही, इथे. आम्ही भांडलो. वाढपिणीने तिसऱ्यांदा कॉफी ओतली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उभा आहे आणि खानावळभर लोक माझ्याकडे बघतायत. आणि कर्टच्या तोंडावर तेच, जे तू नाताळात बघितलंस.

परत येताना व्हॅन त्याने चालवली.

ऑर्विलला सांग, कपाट दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. मी तुझा मुलगा दुसऱ्यांदा नेला गं, आणि या वेळी तर एक शब्दही खोटा बोललो नाही.

रॉली